भाकरी १२ रुपयाला, खुर्ची फुकट : सोलापूरच्या आसरा चौकाजवळच्या भाकरी केंद्राचा रिव्ह्यू

ज्यांना फक्त रेट आणि टाइम पाहिजे त्यांच्यासाठी आधी ते सांगून टाकते. ज्वारीची भाकरी १२ रुपये, बाजरीची १५, संध्याकाळी ५ ते रात्री ९, सोमवारी बंद. सोबत शेंगाचटणी आणि ठेचा मिळतो, पिठलं साडेसातनंतर. आसरा चौकातून आत वळलं की कडुलिंबाचं झाड आणि त्याखाली पत्र्याचं शेड, पाटी नाही, वास येतो त्या दिशेने जायचं. झालं, तुम्ही गेलात तरी चालेल. बाकीच्यांनी बसा, कारण हा रिव्ह्यू भाकरीचा कमी आणि तिथल्या खुर्चीचा जास्त आहे.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे, घर जुळे सोलापूरला. घरात नवरा, सासूबाई, पोरगी चौथीत आणि पोरगा बालवाडीत. साडेपाचला सुटते, स्कूटीवर धूळ खात आसरापर्यंत यायला सव्वासहा होतात, आणि घरात पाय ठेवला की पुढचे चार तास मी माझी नसते हे वेगळं सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्या जणी हे वाचताना कुकरच्या शिट्ट्या मोजत असणार.

आता 'स्वतःसाठी वेळ काढत जा गं' हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. डॉक्टरनं सांगितलं, बहिणीनं सांगितलं, मोबाइलवर तर दिवसाला चार बायका सांगतात, त्यांच्या मागे पांढरे पडदे असतात आणि पोरं कुठंच दिसत नाहीत. मी काढायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पाचचा अलार्म लावून बघितला, अलार्मनं मी उठायच्या आधी पोरगा उठला, म्हणजे माझा एकटीचा तास गेला आणि झोप पण गेली. घराजवळच्या एका जिमला तीन महिन्यांचे पैसे भरले, नऊ दिवस गेले. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं एका पार्लरचं पॅकेज दिलं, हेड मसाज आणि फेशियल, बिचाऱ्यानं मनापासून दिलं होतं, पण तिथं तोंडाला वाफ चालू असताना चार फोन. मम्मी माझा कंपास कुठाय. सिलेंडरवाला आलाय पुस्तक कुठाय. सासूबाईंची गोळी जेवणाआधी का नंतर. आणि चौथा फोन फक्त कधी येतेस ते विचारायला. त्यात ती पार्लरवाली मुलगी मिनिटामिनिटाला मॅडम तुमचं टॅनिंग लै आहे हो म्हणून आणखी १८०० चं काहीतरी गळ्यात मारायला बघत होती. घरी आले तेव्हा जाताना होते त्याच्यापेक्षा जास्त दमलेली.

भाकरी केंद्रात मी काही स्वतःसाठी म्हणून गेले नव्हते. दिवाळीच्या आधी उजवं मनगट धरलं. फराळाचं मळून मळून झालं असेल, शिवाय दिवसभर कीबोर्ड. डॉक्टर म्हणाले मळणं, थापणं, पिळणं तीन आठवडे बंद. मी काय, ऑफिसची माणूस, लेखी मागून घेतलं. मनगटानं सही केली म्हणून रजा मंजूर झाली, नाहीतर भाकरी विकत आणायचा विषय आमच्या घरात निघालाच नसता.

कारण सासूबाईंचं माहेर मंगळवेढ्याकडचं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि तेव्हापासून तर आमच्या घरात ज्वारी म्हणजे त्यांच्या माहेरचीच, बाकीची जनावरांची. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि मग काळ्या मातीतल्या ओलीवर आणि थंडीवर ती कशी पोसते हे मी लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ऐकते. तर त्या म्हणाल्या, "सोलापुरात राहून भाकरी इकत आणायची? लोक काय म्हणतील." मी म्हणलं आई लोकं पण तिथंच लाइनीत असतात. त्या पहिल्या दिवशी त्यांनी भाकरी उलटी करून बघितली, काळं कुठं लागलंय का, मग कड मोडून वास घेतला, आणि म्हणाल्या पाण्याचा हात कमी फिरवलाय. आणि दोन खाल्ल्या. पीठ ताजं आहे हे त्यांनी आठवड्यानं कबूल केलं. जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, ती इथली चिरत नाही. केंद्र चालवणाऱ्या अक्का म्हणतात ज्वारी बार्शीच्या बाजारातून आणतो आणि दोन दिवसाला दळतो, ज्वारी कुठली ते मला कळत नाही पण ताजेपणा भाकरीला दिसतो.

हिशोब केलाच, सवय आहे. आम्हाला रात्रीला ९ भाकऱ्या लागतात. माझा हात घरी मळण्यापासून ओट्यावरचं पीठ पुसेपर्यंत ४५ मिनिटं घेतो, म्हणजे रोजची पाऊण तासाची बचत. मला वाटलं आता काय, राणी झाले मी.

पहिले दोन आठवडे त्या पाऊण तासात मी काय केलं माहितीये का. कपड्यांच्या घड्या घातल्या. मसाल्याचे डबे पुसले. पोरीच्या प्रोजेक्टला थर्माकोल कापला. एकदा पंख्याची पाती पुसली, कुणी सांगितलं होतं? आणि पाण्याचा दिवस आला की विचारूच नका, आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी, ते कधी रात्री येईल नेम नाही, पिंप घासा, टाकी धुवा, हंडे भरा, तो पाऊण तास त्या पाण्यात कुठं वाहून गेला कळलं पण नाही. घरात रिकामा वेळ टिकतच नाही, कुणाला तरी दिसतो आणि तो येऊन त्यात काहीतरी ठेवून जातो.

मग एक दिवस केंद्रावर गर्दी होती. अक्का म्हणाल्या, "बसा की ओ ताई, तुमच्याआधी चाळीस भाकऱ्या हायत." सहानंतर त्या करून ठेवत नाहीत, नंबर येईल तसं समोर थापून देतात, हे त्यांचं एक चांगलं आहे. माझा फोन २ टक्क्यावर होता, तो गेला. कडुलिंबाखाली निळ्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एकीचा पाय वाकडा. बसले. पहिली पाच मिनिटं नुसती चिडचिड, घरी वाट बघत असतील, भाजी टाकायचीय, फोन पण बंद. मग करायला काहीच नव्हतं म्हणून बघत बसले.

तिघीजणी काम करतात. एक मळते, एक थापते, एक तव्यावर. मी आयुष्यभर भाकऱ्या केल्या पण दुसऱ्यानं केलेली भाकरी अशी बसून बघितलीच नव्हती, लहानपणी आईची बघितली असेल तेवढीच. काठवटीत पिठाला आळं करून त्यात आधणाचं पाणी. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पीठ आपलं आपण धरत नाही, गरम पाण्यानं ते चिकटून येतं, आणि तरी तळहाताच्या टाचेनं रेटून रेटून मळावं लागतं, सगळं एकदम मळून ठेवलं तर बिघडतं म्हणून एकेका भाकरीपुरता उंडा. (माझं मनगट का गेलं ते मला तिथं बसून समजलं.) थापणारी बाई साठीची असेल, हिरव्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारलेल्या, कोरं पीठ भुरभुरून त्यावर उंडा, उजव्या हातानं थाप आणि डाव्या हातानं कड सांभाळायची, भाकरी आपली आपण गोल फिरत मोठी होत जाते. थप थप थप, मागे सारलेल्या बांगड्या प्रत्येक थापेला जरा खाली येतात आणि भाकरी उचलताना ती परत मागे सारते. मी मोजलं, एका भाकरीला चाळीस-पंचेचाळीस थापा. मग दोन्ही हातांवर झुलवून तव्यात, पिठाची बाजू वर, त्यावर पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलथायची, आणि मग तवा बाजूला करून जाळावर धरली की टम्म. तव्यावरची बाई थापणारीशी कानडीत बोलत होती, मला निम्मं कळलं, जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, बिसी बिसी म्हणजे गरम गरम, आणि कुणाच्या तरी सुनेबद्दल काहीतरी, ते कळलं असतं तर बरं झालं असतं.

पंचवीस मिनिटं गेली. त्या पंचवीस मिनिटांत मला कुणी काहीही विचारलं नाही. कंपास नाही, गोळी नाही, ताळेबंद नाही. आणि मी पण कुणासाठी काही आठवत नव्हते. घरी गेले तर नवरा म्हणाला, "लै वेळ थांबावं लागलं का गं, दमली असशील, बस जरा." सासूबाई म्हणाल्या हातपाय धुऊन घे.

माझी ट्यूब तिथं पेटली. पार्लरला तासभर गेलं तर 'कुठं होतीस इतका वेळ' असतं, आणि भाकरीच्या लाइनीत अर्धा तास बसलं तर 'बिचारी' असतं. वेळ तोच, मी बसलेली पण तशीच, पण लाइनीतली बाई कामावर असते. तिला कोण बोलणार? आणि खरं सांगते, दुसऱ्या कुणापेक्षा मीच मला बोलत नाही तिथं. घरी सोफ्यावर दहा मिनिटं टेकले तरी माझी मलाच शरम वाटते की सिंक भरलंय आणि ही बसलीय, आणि या खुर्चीवर तसं वाटत नाही कारण भाकरी तयार व्हायचीच आहे, मी उठून काय करणार.

दुसऱ्या दिवसापासून फोन स्कूटीच्या डिकीत. मुद्दाम. लायब्ररीचा एक दिवाळी अंक पण डिकीतच ठेवला होता, नोव्हेंबरात आणलेला तो जानेवारीत परत केला, दंड बसला, पण वाचून काढला पूर्ण. कधी वाचते, कधी नखं कापते, हँडक्रीम लावते, कधी नुसती त्या बांगड्यांकडं बघत बसते. एकदा चक्क डुलकी लागली, अक्कांनी खांदा हलवून उठवलं, "ताई, भाकरी झाली."

आणि आता मुख्य गोष्ट. महिनाभरानं अक्कांनी विचारलं, रोज बसता, एक गरम खाता का. मी नको नको म्हणलं, सवयीनं. मग त्यांनी कागदावर दिलीच. तव्यावरून थेट, पापुद्रा सुटलेला, बोटानं वर उचलला की आतून वाफ, त्या वाफेवर त्यांनी शेंगाचटणी टाकली. चटणी उखळात कुटलेली आहे, मिक्सरची नाही, शेंगदाण्याचं तेल सुटून हाताला लागतं आणि मुठीत दाबली तर गोळा होतो. तिखट बेताचं, लसूण जाणवतो. वर दह्याचा एक चमचा. मला पहिल्या घासाला कळलंच नाही की यात इतकं काय वेगळं आहे. मग कळलं, गरम आहे. बारा वर्षं मी भाकरी करते आणि करणारीच्या ताटात शेवटची पडते, ती पण गार, नाहीतर कडेला करपलेली, ती मी घेते म्हणजे पोरांना चांगली जावी. टम्म फुगलेली भाकरी मी रोज बघत होते, खात नव्हते. हे वाचून कुणाला रडू आलं तर येऊ दे, मला तर चटणीच्या ठसक्यानं आलं असं मी अक्कांना सांगितलं.

तेव्हापासून रोज ९ घरच्या आणि १ माझी. परत हिशोब. घरी भाकरी ज्वारी, दळण, गॅस धरून सहा रुपयाला पडते, इथं बारा, म्हणजे ९ भाकऱ्यांमागे ५४ रुपये जास्त, आणि माझी एक १२ ची, एकूण रोजचे ६६. महिन्याचे २६ दिवस धरले तर १७१६. घरखर्चाच्या वहीत हे 'किराणा' हेडखाली जातं, कधी ऑडिट लागलं तर मी अडकणार. पण जिमचे नऊ दिवस मला यापेक्षा महाग पडले होते.

मनगट केव्हाच बरं झालं. घरी अजून 'थोडं दुखतं' चालू आहे.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू म्हणलं की त्या पाहिजेत. पॅकिंग बेकार. गरम भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत देतात, घरी जाईपर्यंत तिला घाम फुटतो आणि खालच्या दोन ओल्या लगदा होतात, पहिल्या दिवशी माझ्या झाल्या आणि सासूबाईंच्या हातात आयतं कोलीत. सुती फडकं आणि जाळीचा डबा घेऊन जा, वर फडकं, झाकण लावू नका. दुसरं, ज्वारी महाग झाली की भाकरीचा रेट तोच राहतो आणि भाकरी आक्रसते. मला वाटलं भास होतोय म्हणून एक दिवस घरच्या ताटावर ठेवून बघितली, बोटभर कडा मोकळी होती. अक्कांना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या ताई तुम्ही अकाउंटवाल्या लै वाईट. तिसरं, पैसे आल्यावर ओरडणारा तो स्पीकर, एवढ्या शांततेत एकदम 'एकशे आठ रुपये प्राप्त हुए', अंगावर काटा येतो. तो आवाज कमी करा म्हणून मी तीनदा सांगितलं. ठेचा खारट. पिठलं पातळ, आमटी म्हणून खपेल. कडक भाकरीची पाकिटं पण ठेवलीत, ती घेऊ नका, जाड आहेत, कडक भाकरी कशी पापडासारखी कटकन मोडली पाहिजे, पुण्याच्या भावाला पाठवली तर त्याचा फोन आला की वहिनीनं यानं खिळा ठोकला.

भोगीच्या दिवशी चुकून पण जाऊ नका. तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्या दिवशी अख्ख्या सोलापूरला पाहिजे असते, रस्त्यापर्यंत लाइन, माझ्या खुर्चीवर एक काका आणि दुसरीवर त्यांची पिशवी. दीड तास उभी. आणि दुसऱ्या दिवशी संक्रांत, ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेचे सातही नंदीध्वज (उंच पवित्र काठ्या) होम मैदानावर येतात तर या तिघी कशाला थांबतात, शेड बंद. गड्ड्यात, म्हणजे त्या यात्रेच्या जत्रेत, मुलांना पाळण्यात बसवायचं होतं म्हणून मी पण पुढं दोन दिवस आले नाही, आणि त्या दिवसांत पोरांवर उगाच ओरडले हे माझ्या लक्षात आलं.

आता उन्हाळा सुरू झालाय. सव्वासहाला पण झळ मारते, त्यात शेगडी, तव्यावरच्या बाईचा चेहरा बघवत नाही, तिला पंखा द्या म्हणून मी सांगितलंय, अक्का बघू म्हणाल्या. कडुलिंबाखाली मात्र बरं असतं, मोहर पडतोय, डोक्यावर बारीक पांढरं साचतं. सातनंतर डास.

मागच्या आठवड्यात शेडला नवीन कागद लागलाय. व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाका, वेळ सांगा, भाकरी तयार ठेवतो, आसरा ते जुळे सोलापूर घरपोच, डिलिव्हरी २० रुपये. अक्कांच्या नातवानं चालू केलंय, पोरगं हुशार आहे, त्याचं चांगलं होवो. मला पण म्हणाला, काकू तुम्ही कशाला रोज ताटकळत बसता, नंबर द्या. मी म्हणलं माझ्या फोनला रेंज नसते. घरी त्या कागदाबद्दल अजून कुणाला माहीत नाही आणि नवरा त्या रस्त्यानं येत नाही, त्यामुळं सध्या तरी बरं चाललंय.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो पॅकिंगचा आणि स्पीकरचा मिळून. जाणार असाल तर सुट्टे पैसे आणि फडकं न्या, आणि वाकड्या पायाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली तर पडत नाही, तुम्हाला ती मिळेल. चांगली खुर्ची सव्वासहा ते पावणेसात माझी असते.